कोयता विझवलेलं पाणी

मंगळवारी दुपारी माझे यजमान गेले. न्यूमोनिया होता.

समाचाराला येणाऱ्यांना हे कारण पुरेना. ज्याने घरात सायनाइड ठेवलं, तो माणूस न्यूमोनियाने जातो, यात त्यांना काहीशी फसवणूक वाटत असावी. थळच्या आमच्या ओटीवर बसून ते 'त्या जहरा'ची चौकशी करत आणि करता करता ओटीला टेकलेला हात उचलून उपरण्याला पुसत. त्यांना मी काही सांगितलं नाही. इथे लिहिते.

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षी हे रसायनशास्त्राची पदवी घेऊन उन्हाळ्यासाठी घरी आले. कॉलेजात संशोधनाची एकच जागा होती. प्रोफेसरांनी सांगितलं होतं, कोबाल्ट आणि सायनाइड यांचं संयुग स्वतः तयार करा, चुंबकाजवळ ते कसं वागतं ते नोंदवा. काम चोख असेल तर जागा तुमची. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून हिरव्या काचेचा एक बुधला शुद्ध पाण्याने भरून, रेवसच्या लाँचमधून मांडीवर घेऊन ते आले. सायनाइडची बाटली कुलपात असे आणि चावी जानव्याला. पाण्याला कुलूप घालायचं कुणाला सुचणार?

त्यांनी मला कणकेची गोळी आणि झाडूचे हीर घेऊन त्या संयुगाची रचना समजावली. चारी दिशांना चार हीर, एक वर, एक खाली. मधे कोबाल्ट, टोकांना सायनाइड. नुसता कोबाल्ट चुंबकाकडे धावतो, पण या सहाजणांनी असं घेरलं की त्याची ओढ संपते, उलट तो किंचित मागे सरतो. सासरी माझ्याभोवती माणसं सहाच होती. मला ते लगेच पटलं.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, निवृत्त हेडमास्तर आणि वाचनालयाचे अध्यक्ष. 'भोळ्या समजुती आणि आधुनिक शास्त्र' हे त्यांचं व्याख्यान गावाने इतक्यांदा ऐकलं होतं, की टाळ्यांच्या जागाही पाठ होत्या. व्याख्यानाला निघताना मांजर आडवं गेलं तर ते परत येऊन थोडा वेळ बसत. पण ते पान खायला, असं त्यांचं म्हणणं.

एका सकाळी हे पोहायला गेले असताना मामंजी चुलीपाशी आले आणि म्हणाले, "सूनबाई, कोयता चुलीत घाल."

मी घातला. त्यांनी बुधल्यातलं पाणी पातेल्यात ओतलं आणि लाल झालेला कोयता त्यात विझवला. असं तीनदा केलं. मग ते पाणी पुन्हा बुधल्यात भरलं. लोखंड विझवलेलं पाणी बाधत नाही, त्यांनी मला समजावलं, आणि पोराचा हात सारखा विषात असतो.

"त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "शास्त्रालाही थोडा आधार लागतो."

मी "हो" म्हटलं. हेडमास्तरांसमोर मला तेवढंच येत असे.

पुस्तकात त्या संयुगाचे खडे फिकट पिवळे होते. आमचे मळकट, हिरवट निघाले. यांनी ते कुटून काचेच्या नळीत भरले, नळी रेशमाच्या धाग्याने आडवी टांगली आणि नालेच्या आकाराचा चुंबक जवळ नेला. नळी मागे सरायची ती चुंबकाकडे वळली. पुस्तकं चुकली होती! यांनी प्रोफेसरांना पत्र टाकलं. उत्तर आलं, की सोमवारी खड्यांची बाटली घेऊन या, माझ्यासमोर पाहू. तोवर मामंजींनी रविवारी वाचनालयात सत्कार ठरवून टाकला. अध्यक्ष अर्थात तेच.

शनिवारी दुपारी मी यांची वही वाचत होते. सुवाच्य अक्षरात एक ओळ होती, 'पाणी : शुद्ध.' त्या ओळीच्या पुढे मला जाता येईना. हे आत आले तेव्हा मी सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्या हातातली वही घेतली. मग विचारलं, "किती वेळा विझवला?"

"तीनदा."

शुद्ध म्हणून त्यांनी ते पाणी गाळलंच नव्हतं. बुधल्याच्या तळाचा गाळ बशीत ओतून त्यांनी चुंबक बुडवला. वर काढला तेव्हा त्याला काळी मिशी फुटली होती. आधीची ओळ खोडून त्यांनी खरं काय ते वहीत लिहिलं आणि मला म्हणाले, "बाबांना सांगू नकोस."

एकाच पाण्याविषयी दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली.

सत्काराला हे उभे राहिले आणि म्हणाले, शोध वगैरे काही नाही, पाण्यात लोखंड होतं, न गाळण्याची चूक माझी. मामंजी मांडीवर शाल घेऊन बसले होते. अध्यक्षीय समारोपात त्यांनी सांगितलं, की तरुणांनी पाण्याच्या शुद्धतेकडे डोळसपणे पाहायला हवं. टाळ्या नेहमीच्या जागी पडल्या. नारळ यांना मिळाला. शाल पुढच्या सत्कारासाठी कपाटात गेली.

प्रोफेसरांनाही यांनी खरं तेच कळवलं. जागा दुसऱ्याला मिळाली. हे शाळेत मास्तर झाले. पुढच्या उन्हाळ्यात नवं पाणी आणून त्यांनी ते संयुग पुन्हा तयार केलं. खडे फिकट पिवळे आले आणि नळी चुंबकापासून केसभर मागे सरली. ते पाहायला मी एकटीच होते.

तेराव्याला मामंजी ओटीवर पाहुण्यांना सांगत होते, "मी त्याला तेव्हाच बजावलं होतं, पाणी जप म्हणून."

मी दाराआड होते. बाहेर आले आणि म्हटलं, "मामंजी, कोयता मी तापवला होता. विझवला तुम्ही."

पाहुण्यांना काहीच कळलं नाही. दुःखाने डोक्यावर परिणाम होतो, असं कुणीतरी हळूच म्हणालं. मामंजींना कळलं. त्यांनी उपरणं नीट केलं आणि उठून आत गेले. नंतर ते व्याख्यान त्यांनी दिलं नाही.

फडताळात एक बाटली आहे. तिच्यात फिकट पिवळे खडे आहेत. कोयता स्वयंपाकघरात आहे. नारळ अजून त्यानेच फोडते.