पेन्सिलच्या दोन रेघा

नोटीस आली तेव्हा तो जाऊन सात महिने झाले होते आणि आमचा घटस्फोट होऊन तीन वर्षं. वेल्ह्याच्या शाळेत मी ग्रंथालय सांभाळते. पोस्टमनने लिफाफा टेबलावर ठेवला, वरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. त्यावर माझं लग्नानंतरचं नाव होतं. त्या नावाने मला आता कोणी हाक मारत नाही.

ते नाव त्याने लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं होतं. तांदळात बहुतेक नवऱ्यांची अक्षरं मोडतात, त्याची मोडली नाहीत. तो पेंटर होता. भोरच्या बाजारातल्या कितीतरी पाट्या, टेम्पोंच्या मागची वाक्यं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार त्याच्या हातचे होते. अक्षर काढण्याआधी तो वर एक, खाली एक अशा पेन्सिलच्या दोन फिक्या रेघा मारायचा. त्या दिवशी तांदळातही त्याने आधी बोटाने दोन रेघा ओढल्या होत्या आणि मांडवातल्या बायका हसल्या होत्या.

पुढे फ्लेक्स आले आणि ब्रशचं काम संपत गेलं. त्याला फ्लेक्स छापायचं मशीन घ्यायचं होतं. तुझ्या नावावर कर्ज काढ, असं तो म्हणाला आणि मी नाही म्हटलं. तो विषय तिथेच संपला असं मी समजले.

तो संपला नव्हता. भोरच्या एका पतसंस्थेतून माझ्या त्या नावाने कर्ज उचललेलं होतं, आम्ही वेगळे होण्याच्या चार महिने आधी. तो होता तोपर्यंत हप्ते भरले जात होते. जामीन होती त्याची आई. मी भरलं नाही तर वसुली तिच्या घरावर जाणार होती.

तो आठवडाभर मला एका जागी बसवेना. एकच पान मी तीनतीनदा वाचायचे. कपाटातली पुस्तकं काढून पुन्हा लावली, मधल्या सुट्टीत एसटी स्टँडपर्यंत जाऊन आले. त्याच्या दहाव्याला मला कोणी बोलावलं नव्हतं आणि मीही गेले नव्हते. रडण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे ठरवण्यातच सात महिने गेले होते. आता रागावायचं, तर तेही कुणावर?

शनिवारी नसरापूरला गाडी बदलून भोरला गेले. मॅनेजर सभ्य होते. त्यांनी अर्ज काढून समोर ठेवला. सही माझीच वाटत होती. लग्नानंतरची ती सही मी फक्त माझ्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर करत असे. कागद जरा तिरपा धरला तेव्हा सहीच्या वर आणि खाली खोडलेल्या पेन्सिलच्या दोन रेघा दिसल्या.

मॅनेजर म्हणाले, सही तुमची नसेल तर तसं लिहून द्या, तुमचा प्रश्न मिटेल, मग आम्हाला जामिनाकडे जावं लागेल. पुढच्या शनिवारी येते, असं सांगून मी उठले.

हप्ते आपणच भरायचे, असं मी परतीच्या गाडीत ठरवून टाकलं. अर्धा पगार गेला असता, बरीच वर्षं. पण त्या म्हातारीच्या घराला कुणी हात लावला नसता. एवढंच तिला सांगावं म्हणून रविवारी तिच्या गावी गेले. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, अजूनही तेच तोंडात आलं. त्या म्हशीला वैरण टाकत होत्या. मला पाहून त्यांनी हात पदराला पुसले आणि, लई वाळलीस, एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, कर्जाची काळजी करू नका, मी भरते.

त्यांनी विचारलं, "सही तुजी हाय का?"

मी खालची वैरण उचलून म्हशीपुढे टाकली.

"मंग न्हाई भरायचं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, की भोरला पुस्तकांचं दुकान काढायला मला पैसे हवेत, असं तो म्हणाला होता. "तुजं नाव हुतं म्हणून अंगठा दिला म्या. त्याच्यासाटी न्हाई दिला असता."

दुकानाची गोष्ट मी त्याला एकदाच सांगितली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मला वाटलं होतं, तो विसरला.

पुढच्या शनिवारी त्या स्वतःहून भोरच्या स्टँडवर येऊन थांबल्या होत्या. ऑफिसात त्यांनी अर्ज मागून घेतला. त्यांना वाचता येत नाही. त्या कागद घेऊन खिडकीशी गेल्या, मी धरला होता तसाच तिरपा धरला आणि मॅनेजरांना जवळ बोलावलं.

"ह्या रेघा बगा, सायेब. माज्या पोराच्या हायत. रेघ मारल्याबिगर त्याला अक्षारच काडता यायचं न्हाई."

मॅनेजरांनी चष्मा वर करून पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, आजी, घर तुमचं जामिनाला आहे, कळतंय ना?

"कळतंय. लिव्हून घ्या."

त्यांचीही फसवणूक झाली, हेही नोंदवू, संचालक मंडळ काय ते ठरवेल, असं मॅनेजर म्हणाले. ती बैठक अजून झालेली नाही. काय होईल ते मॅनेजरांनाही सांगता येत नाही.

मी कोऱ्या कागदावर लिहायला बसले. ओळी वर वर चढत गेल्या. खाली सही केली, माझी आताची. साक्षीदार म्हणून आत्यांचा अंगठा हवा होता. शाईचं पॅड पुढे आलं, त्यांनी अंगठा त्यावर टेकवला आणि कागदापर्यंत नेलेला हात मागे घेतला.

"आदी वाचून दाव," त्या म्हणाल्या. "सगळं."

मी वाचू लागले. त्याचं नाव आलं तिथे थांबले. आत्या शाईचा अंगठा हवेत धरून थांबून राहिल्या. मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.