सध्याचा मुक्काम

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. हिंगोलीत एका आरोग्य संस्थेत मी कॉम्प्युटरवर बसायचे. गरोदर बायकांच्या नोंदी आमच्या वेबसाइटवर भरायच्या आणि दर सोमवारी गावाचा फिल्टर लावून त्या त्या गावची यादी नर्सबाईंना काढून द्यायची. यादीत नाव असेल त्याच घरी त्या जायच्या. नसेल तर कशाला जातील?

त्या वर्षी माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला साखऱ्याला, आमच्या घरी आली होती. सासर वसमतकडचं. अंगात रक्त फार कमी आहे, असं तिकडच्या तपासणीत निघालं होतं. अंगणापर्यंत गेली तरी धाप लागायची. मला तिच्याकडं बघून भीती वाटायची. एका संध्याकाळी घरी पोचले तर आई चिडलेली.

"नर्सबाई आल्या, शेजारच्या सुनेला तपासून गेल्या. आपल्याकडं ढुंकून बी पाह्यलं न्हाई. काहून?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी साखरा निवडून बघितलं. बहीण नव्हतीच. तिच्या सासरचं गाव निवडलं, तर तिथं होती. बाईच्या नोंदीत गावच नव्हतं. गाव होतं कुटुंबाच्या नोंदीत, आणि फिल्टर ते तिथून उचलायचा. लग्न झालं की कुटुंब सासरचं. पहिलटकरीण माहेरी जाते, हे साइट बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला संताप आला. जिल्हाभरच्या लेकी माहेरी, आणि आमच्या नर्सबाई त्यांच्या सासरची दारं वाजवून परत येत होत्या.

फोनवर त्या साइटवाल्याशी कडाडून भांडले. बाईच्या नोंदीला 'सध्याचा मुक्काम' जोडून घेतला, फिल्टर त्यावर लावून घेतला आणि बहिणीच्या नोंदीत साखरा भरलं. पुढच्या फेरीला नर्सबाई आमच्या घरी आल्या आणि बहिणीला बघून, आल्या त्याच जीपमधून हिंगोलीला घेऊन गेल्या. रक्त चढवलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

यादीत नाव दिसलं पाहिजे, आईनं तेवढं पक्कं धरलं. मी घरी गेले की विचारायची, "दिसती न्हवं आपल्या गावात?"

तिसऱ्या महिन्यात बहीण लेकराला घेऊन सासरी गेली. मी तिचा मुक्काम बदलला. बदलला नसता तर बाळाच्या डोसासाठी नर्सबाई आमच्याच दारातून परत गेल्या असत्या. मग उगाच साखरा निवडून बघितलं. ती नव्हती.

शनिवारी आईनं विचारलं, "दिसती न्हवं अजून?"

"दिसती," मी म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले.