झडती फाटकातच झाली

"उघड. काय दडवलंय बघू," शेठ म्हणाला.

झडतीवालीने माझ्या कमरेला खोचलेली कापडाची घडी ओढून काढली होती. तिला वाटलं, तंबाखूची पुडी. तिने ती फाटकातच, सगळ्यांसमोर झटकली. तंबाखू पडली नाही. पाळीची घडी होती ती. धुतलेली, पण डाग न गेलेली. शेठबरोबरचे पुरुष हसले. एकाने आधी तोंड फिरवलं, मग तोही हसला.

शेठ म्हणाला, "सोड तिला. पुढची."

मी पंधरा वर्षांची होते.

विड्यांचा कारखाना होता त्याचा, नगरात. इंग्रज जायच्या आदल्या वर्षाची गोष्ट. डोक्यावर तंबाखूचं पोतं घेऊन भिंगारच्या बाजारात फिरलेला हा माणूस त्या दिवशी नगरपालिकेचा अध्यक्ष झाला होता. पाहुणे हार घेऊन आले होते. आपल्या कारखान्यातून चिमूटभर तंबाखू बाहेर जात नाही, हे त्याला त्यांना दाखवायचं होतं. सुटी झाली की आम्ही बायका रोजच रांगेने पदर झाडून बाहेर पडायचो. त्या दिवशी ते बघायला माणसं उभी केली होती.

माझ्या मागे रांगेत आईच होती. तिने वाकून घडी उचलली, आपल्या चोळीत कोंबली आणि लगेच स्वतःचा पदर झाडला. शेठचा आला तेवढाच राग मला तिचा आला.

घरी म्हणाली, "तोंड मीट. तिथलं काम गेलं तर खायचं काय, दगड?"

"उद्या मी पदर झाडनार न्हाई."

"मग घरी बस."

"घरी बी बसनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सुटीला मी पदर कमरेला घट्ट खोचून फाटकात उभी राहिले.

"झाड की गं," झडतीवाली म्हणाली.

"आत खोलीत चल, दार लाव, मग घे झडती. बाप्यांपुढं न्हाई."

मुकादमाने आईवरून शिवी दिली. मी हलले नाही. रांग अडली. मागून एक म्हातारी ओरडली, "मुकादमा, आदी तुजं धोतर झाड, मग आमी पदर झाडतो!" बायका हसल्या आणि तिथेच खाली बसल्या. आई बराच वेळ उभी होती. मग तीही बसली.

मला कामावरून काढलं. झडती फाटकातच चालू राहिली. मी दुसऱ्या कारखान्यात गेले. तिथे पदर झाडायला सांगितला, तिथेही फाटकात अडून बसले.

आता शेठच्या चरित्राचं पुस्तक निघणार आहे. दोघं शिकलेले घरी आले. "आजी, एखादी चांगली आठवण सांगा." शेठने नळ आणले, शाळा बांधली. खरं आहे, लिहा, म्हटलं. मग मी माझं सांगितलं. एकाने वही मिटली.

"हे नको, आजी. पुस्तक गौरवाचं आहे."

म्हणून मीच लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले, तेवढं पुरतं. हे मी छापून आणणार. त्याची नातवंडं दारात आली तरी एक शब्द खोडणार नाही. त्या फाटकात झडती माझी झाली; ती गोष्टही माझीच.