मतासाठी घेतलेलं नाव

वाशीमला आमच्या गल्लीत मला 'जुनी पोथी' म्हणत. तोंडावर म्हणत आणि प्रेमानं म्हणत, हीच तर पंचाईत होती. शिव्या दिल्या असत्या तर मला भांडता आलं असतं; भांडणात मी कधी कच्ची नव्हते. पण ही माणसं मला हसायची आणि मागाहून वाटीभर कढी आणून द्यायची. हातात शेजारणीची वाटी असताना तिच्याशी काय डोंबल भांडणार?

बालाजीच्या देवळामागची ती गल्ली म्हणजे सगळी सुधारक मंडळी. एक वकील, एक डॉक्टर, बाकीचे शाळामास्तर. आमचे हेही मास्तरच. खादी घालायचे, कपडे स्वतः धुवायचे, आणि संध्याकाळी यांच्या ओसरीवर बैठक भरायची. देशात काय काय बदलायला हवं, याची चर्चा दिवा लागेपर्यंत चाले. काही गोष्टी बदलू नयेत असंही असू शकतं, हे त्या ओसरीवर कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मी आत चहा टाकता टाकता मनातल्या मनात उत्तरं देई. कधीकधी ती मोठ्यानं निघत. मग सगळे हसत आणि हे म्हणत, "झाला सुरू अनसिंगचा रेडिओ!"

अनसिंग माझं माहेर. वडिलांचा तिथे मळा होता. त्यातली वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, बैलगाडीनं वाशीमच्या बाजाराला येई. वडील गावात दुसऱ्या बाजूचे, म्हणजे निवडणुकीत नेहमी आपटणाऱ्या बाजूचे. "सरकारनं गावाची शीव राखाव, आमची चूल कायले राखते?" हे त्यांचं आवडतं वाक्य. लोकांना वाटे मी बापाचंच बोलते. तसं नव्हतं. मला माझी कारणं होती.

मुलींना बापाच्या वावरात हिस्सा देणारा कायदा झाला तेव्हा आमच्या ओसरीवर पेढे वाटले होते. मी पेढा घेतला आणि म्हटलं, "मला हा हिस्सा नको." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हिस्सा घेतला की भाऊ दिवाळीला बोलावणार नाही. एकदा जमीन मिळेल, पण माहेर कायमचं जाईल. माझ्या घरातलं काय मोडायचं नि काय ठेवायचं ते तुम्ही दिल्लीला बसून ठरवता आणि मला विचारतसुद्धा नाही." वकील म्हणाले, "वहिनी, हे तुमच्याच भल्यासाठी आहे." माझ्या भल्याचं हे इतक्या वेळा ऐकलं, की भलं या शब्दाचीच मला शिसारी यायला लागली. तरी या मंडळींचं सगळंच वाईट होतं असंही मला म्हणता येईना. आमच्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरू द्यायचं ठरलं, तेव्हा मीच पहिली घागर वेशीबाहेरच्या बाईला ओढून दिली. मग मी कोण? मला कळत नसे. 'पोथी' म्हणाले की राग यायचा, आणि 'आमची' म्हणाले की त्याहून जास्त यायचा.

तर पहिल्या निवडणुकीत माझं मत बुडालं होतं. यादी करायला माणूस आला तेव्हा हे शाळेत होते. सासूबाईंनी दारातून सांगितलं, "मी मास्तराची माय, अन् हे मास्तराची बायको." बाईमाणसानं परक्याला आपलं नाव सांगायचं नाही, आणि नवऱ्याचं तर घ्यायचंच नाही, अशी आमच्याकडची रीत. त्या माणसानं मान हलवली आणि पुढे गेला. मतदानाला गेलो तर यादीत आम्ही दोघीही नाही. गावोगावी अशा कितीतरी आया नि बायका बुडाल्या म्हणे. हे महिनाभर कपाळ बडवत होते.

दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः उभं राहून आमची नावं लिहवून घेतली. त्याच सुमाराला डॉक्टरीणबाईंनी गल्लीतल्या बायकांचं मंडळ काढलं आणि ठराव केला, की पतीचं नाव घ्यायला लाजायचं नाही. उखाण्यात लपवून नाही, सरळ घ्यायचं. दर शुक्रवारी एकेकीनं उभं राहून नवऱ्याचं नाव घ्यावं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्या. माझी पाळी आली की मी पदर सावरून म्हणे, "माझं दूध उतू जाईल," आणि घरी येई.

हे एकदा म्हणाले, "मले नावानं हाक मारली तं का जिभेले फोड येते काय?"

"फोड नाही येत," मी म्हटलं. "पण मग तुमाले हाक मारणं अन् गड्याले हाक मारणं, फरक काय राह्यला?"

मला खरंच तसं वाटे. सगळं जग ज्यांना नावानं हाक मारतं, त्यांच्याशी माझं नातं निराळं आहे एवढंच ते नाव न घेण्यात होतं. त्यात गुलामी कुठे होती ते मला डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ समजावलं, मला काही सापडली नाही. आजही मी ते घेत नाही, इथेही घेतलेलं नाही.

मतदानाच्या दिवशी मी एकटीच गेले. हे दुसऱ्या गावाला कामावर होते. सासूबाईंचे गुडघे धरले होते. वडिलांनी काही निरोप पाठवला नव्हता, पण माझं ठरलं होतं. पाच वर्षं ओसरीवर मी हसण्यावारी गेले होते. पडद्याआड मला कुणी हसणार नव्हतं. तिथे माझं मत वकिलाच्या मताएवढंच भरणार होतं, आणि एकदा तरी ते भरावं असं मला फार वाटत होतं.

शाळेच्या खोलीत टेबलामागे अधिकारी बसला होता. एका बाजूला बाकावर दोन्हीकडचे प्रतिनिधी: सुधारकांचे आमचे वकील, आणि वडिलांच्या बाजूचे एक म्हातारे गृहस्थ, काळी टोपी घातलेले. अधिकाऱ्यानं माझी चिठ्ठी घेऊन यादी पाहिली आणि म्हणाला, "या नावाच्या इथे दोन बाया आहेत. तुमच्या पतीचं नाव?"

मी पदर पुढे ओढला.

"बाई, पतीचं नाव सांगा."

मी वकिलांकडे पाहिलं. रोज आमच्याकडे चहा पिणारा माणूस. त्यांनी सांगून टाकावं. वकील हसत हाताची घडी घालून बसले. "घ्या वहिनी, घ्या! आज तरी घ्या." अधिकारी म्हणाला, "दुसऱ्या कुणी सांगून चालणार नाही. बाईंनीच सांगायला हवं."

मग मी काळ्या टोपीवाल्यांकडे पाहिलं. तेच माझे खरे. त्यांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "राहू द्या, बाई. घरी जा. एका मतानं काय होते?"

मी तिथे कशी उभी होते ते मला सांगता येत नाही. ज्यांना पाडायला आले ते 'घ्या घ्या' म्हणत होते, आणि ज्यांना निवडून द्यायला आले ते मला घरी धाडत होते. पाठीमागे बायकांची रांग, कुणीतरी म्हणालं, "काहून थांबून राह्यली व?" रीत राखली तर मत जातं, आणि मत राखलं तर रीत. आणि ते मत तरी कशासाठी होतं, तर रीत राखण्यासाठीच! आणि शिंक यावी तसं ते नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं. खणखणीत, पार रांगेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

वकिलांनी बाकावर थाप मारली. म्हाताऱ्यांनी तोंड फिरवलं. बोटाला शाई लागली, कागद मिळाला, आणि मी पडद्याआड गेले. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, वर चित्र चिकटवलेलं. पेटी चुकले नाही. वडिलांच्याच बाजूच्या पेटीत टाकलं. बाहेर आले तर डोळे भरून आलेले.

संध्याकाळी हे परत आले ते गल्लीतूनच सगळं ऐकून. हातात खव्याच्या जिलबीचा पुडा. माझ्याकडे असे बघत होते, की लग्नातसुद्धा तसं पाहिलं नसेल. "म्हन्ते काय! खरंच घेतलं?" मी जिलबी वाढली. कुणाला मत दिलं ते सांगायला हवं होतं तेव्हाच. पण इतकं सुखावलेलं माणूस समोर असताना जीभ उचलली नाही.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्यात माझा सत्कार. खण, नारळ, गजरा. पोथीनं नाव घेतलं म्हणून सगळी गल्ली लोटलेली. बाई म्हणाल्या, "आता तुम्हीच सांगा, एवढं धाडस कसं झालं?"

मी उभी राहिले. नारळ हातात जड झाला होता. आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "धाडस कसलं? तुमच्या माणसाला पाडायला घेतलं. नाव घेतल्याशिवाय कागद देत नव्हते, म्हणून घेतलं. माझं मत तुमच्याविरुद्ध आहे, आणि राहील."

मला वाटलं, चला, एकदाचं भांडण जुंपलं. आता मोकळं होता येईल. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. "हेच! अहो, हेच तर आपल्याला हवं! बाईचं स्वतःचं मत!" आणि सगळ्या जणी टाळ्या वाजवायला लागल्या. दोन वेळा ओटी भरली माझी. मी विरुद्ध उभी राहायला जावं, तर या बायांनी विरोधालाच कुंकू लावून आपल्या पंगतीला बसवलं. असा संताप मला आयुष्यात कधी आला नाही. आणि त्या खऱ्याच आनंदल्या होत्या, ढोंग नव्हतं, म्हणून तो कुणावर काढावा ते कळेना.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या आमच्या यांनीच. घरी आल्यावर म्हणाले, "असं चारचौघांत सांगाची काय गरज होती?" आणि बोलणंच बंद केलं. बाईला स्वतःचं मत हवं, हे रोज संध्याकाळी ओसरीवर सांगणारा माणूस! मी विचारलं, "बोलत काहून नाही?" तर म्हणे, "काई नाही."

सासूबाई जात्यावरून म्हणाल्या, "तो नाव घेतलं म्हणून रागावला का मत देल्लं म्हणून?"

मी जात्यात मूठभर दाणे टाकले.

निकाल लागला, आमची बाजू पडायची ती पडलीच. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी वडील आले. मला वाटलं, जगात एक तरी माणूस माझ्या पाठीवर हात ठेवील. ओसरीवरच्या बाजेवर बसले, पाण्याचा तांब्या तसाच ठेवला.

"गाडीवाला सांगत होता," ते म्हणाले. "लोकाईत नाव घेतलं म्हणे."

"बाबा, तुमच्याच पेटीत टाकलं मी."

"मत तं पाच वर्सानं अखीन येते, बाई."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी आत गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. धूर नव्हता तरी डोळे पुसत होते.

थोड्या वेळानं हे शाळेतून आले. या दोघांचं लग्नापासून कधी पटलं नव्हतं. कापसाच्या भावापासून देवापर्यंत कुठल्याही विषयावर दोन वाक्यांत खटका उडे, म्हणून मी नेहमी चहा लवकर टाकी. त्या दिवशीही टाकला. पण बाहेरून खटक्याचा आवाज येईना. कपबशा घेऊन दारापर्यंत आले आणि थांबले.

"एकदा इचाराले पाह्यजे होतं पोरीनं," वडील म्हणत होते.

"तेच म्हनतो मी, मामाजी. निदान इचाराव तं."

"मले इचारलं असतं तं मी म्हटलं असतं, घरी बस."

"अन् मले इचारलं असतं तं मी म्हटलं असतं, आमाले दे."

यावर दोघेही हसले. मोठ्यानं हसले, एकमेकांच्या गुडघ्यावर थापा मारून. वडिलांनी तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायलं. सासर आणि माहेर एका बाजेवर बसून हसतंय, हे पाहायला मी कितीतरी वर्षं तरसले होते. बरं वाटायला हवं होतं, आणि खरं सांगते, वाटलंही. त्याच वेळी हातातल्या कपबशा त्या दोघांच्या अंगावर भिरकावाव्यात असंही वाटलं.

मी चहा ठेवला. हे म्हणाले, "बस न," पुष्कळ दिवसांनी माझ्याशी बोलले. मी बसले. मग त्या दिवसापासून सगळं पूर्ववत झालं; वडील बाजाराला आले की आमच्याकडे उतरायला लागले, आणि गल्लीत ती गोष्ट पुढे कित्येक वर्षं कौतुकानं सांगितली गेली. नाव कसं घेतलं ते सगळ्यांनी विचारलं. त्या पेटीत मत का टाकलं, ते मला कुणीच विचारलं नाही.