अक्काच्या खाटेभोवती तिघं

अमानवीय वगैरे गोष्टींना मी आजही हसतो. मी पडलो सरकारी कचेरीतला कारकून... कागदावर नाही ते घडलंच नाही, असं मानणारा. तरी हे लिहितोय, कारण आता एकट्याला पेलवत नाही.

सोलापूरची गोष्ट, साधारण चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल. मंद्रूपला दिलेली माझी थोरली बहीण, अक्का, मणक्याच्या क्षयानं इस्पितळात पडून होती. तिला डॉक्टर तीन. हाडांचे वेगळे, क्षयाचे वेगळे, व्यायाम देणारे तिसरेच. तिघांचे कागद तीन, खिडक्या तीन, वारही तीन! एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. "अक्का चालेल ना हो?" असं विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. कागद घेऊन पळायला मी होतोच.

एका दुपारी इंजेक्शनच्या रांगेतून परत आलो, तर अक्काचा चेहरा खुललेला.

"शिवा, तिगं बी आल्ते की! हितंच हुबं राहून एकमेकासंगं बोलले. मणक्यात पू झालाय, पायाच्या नसा दाबाय लागल्यात. बसवायचं न्हाय, आदी आपरेशन करायचं म्हनले."

मी नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कोण येतंय? हाडांचे डॉक्टर कालपासून कुर्डुवाडीला शिबिरात आहेत." शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही कुणाला पाहिलं नव्हतं. "तापात बरळतेस, अक्का," म्हणून मी हसलो.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या कागदावर लिहून आलं — रुग्णास बसवावे. काखेत हात घालून मीच बसवलं. "नगं रं शिवा, त्येंनी सांगितलंय!" ती ओरडत होती... तिसऱ्या दिवशी तिचे पाय गेले.

पाठीच्या नव्या फोटोत पू निघाला. हाडांचे डॉक्टर खेकसले, "बसवायला कुणी सांगितलं?" व्यायामवाले म्हणाले, "माझ्या कागदावर मनाई नव्हती." क्षयवाल्यांचा तो वार नव्हता. ऑपरेशन झालं, पण पाय काही परतले नाहीत.

मग त्या दुपारी खाटेभोवती कोण होतं? चौथीही न शिकलेल्या अक्काला पू, नसा हे सगळं कुणी सांगितलं? आजवर उलगडा नाही. त्या तिघांची चीड येतेच, पण त्याहून जास्त माझी स्वतःची येते.

अक्कानं मला कधी बोल लावला नाही. फक्त एकदा, मी तिला कुशीवर वळवत असताना म्हणाली, "जायच्या आदी ते तुजीच वाट बगत थांबल्ते रं... लई वेळ."