थडग्यापाशी बायका किती?

आमच्या घरमालकांइतकं बारीक नजरेचं माणूस मी अख्ख्या मुंबईत दुसरं पाहिलं नाही, आणि त्या नजरेपायी इतका मनस्ताप करून घेणारंही नाही. ऐंशीच्या दशकात मालाडच्या ख्रिस्ती गावठाणात, त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. अख्खी आळी त्यांना अंकल म्हणायची, म्हणून मीही. अंकल गोरेगावच्या एका स्टुडिओत कंटिन्युइटी सांभाळत. म्हणजे नायकानं एका शॉटमध्ये बाही दुमडली असेल, तर पुढचा शॉट महिन्याभरानं घेतला तरी ती दुमडलेलीच आहे ना, हे बघायचं. हे काम ते घरी आणत. मी सकाळी जिना उतरलो की "काल पेन डाव्या खिशात होतं तुझं" हेच त्यांचं गुड मॉर्निंग. एकदा तर एका लग्नात फोटो चालू असताना ते मध्ये घुसले आणि हात वर करून उभे राहिले. नवरीच्या बापाला वाटलं, लग्न मोडलं. तक्रार एवढीच होती की चर्चमध्ये नवऱ्याच्या कोटावरचं फूल डावीकडे होतं.

अशा माणसाला चर्चच्या फादरनी ईस्टरचं नाटुकलं बसवायला सांगितलं. सिनेमातला माणूस, झकास करेल, असा त्यांचा साधा हिशेब. अंकलनी येशू थडग्यातून उठला त्या पुनरुत्थानाच्या सकाळचा प्रसंग लिहायला बायबलातली चारही शुभवर्तमानं शेजारीशेजारी उघडून ठेवली आणि तिथंच वाट लागली. मत्तयच्या सांगण्यात थडग्याशी दोन बायका जातात, मार्कच्या तीन, लूककडे घोळकाच, आणि योहानकडे मरिया माग्दालेना एकटी. देवदूत कुठे एक, कुठे दोन. कुठे बसलेले, कुठे उभे. मार्ककडे सूर्य उगवलेला, योहानकडे अजून अंधार. "लाइटसुद्धा मॅच होत नाही रे," असं ते मला अशा आवाजात म्हणाले की जणू दिवा मीच मालवला होता.

मग मांडण्या सुरू झाल्या. मरिया अंधारात पुढे गेली असेल आणि बाकीच्या चालेपर्यंत उजाडलं असेल. एक देवदूत बाहेर धोंड्यावर बसला असेल, दोघे आत असतील. हे जमतं का ते बघायला त्यांनी अंगणात तालमी घेतल्या. त्यांच्या बायको, म्हणजे आंटी, मरिया झाल्या, त्यांची मुलगी उरलेल्या सगळ्या बायका, आणि पांढरा सदरा होता म्हणून कणकवलीचा मी देवदूत. पिंपावर बस, ऊठ, आता आत जाऊन दोघे हो, असं मला सांगण्यात येई. आंटींचं कालवण दोनदा करपलं. शेवटी फादरनी समजावलं की चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही, ठरवून बोलणारेच अक्षर न् अक्षर सारखं बोलतात. अंकलना पटलं नाही. एवढी मोठी गोष्ट डोळ्यांदेखत घडली तर माणूस बारीकसारीक कसं विसरेल, हा त्यांचा सवाल होता. नाटुकलं राहिलं. त्याहून वाईट म्हणजे त्या ईस्टरला ते चर्चमधल्या मिस्सेलाही गेले नाहीत. "जुळल्याशिवाय आमेन कसं म्हणू?" म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा आंटी नवं लुगडं नेसून एकट्या चर्चला गेल्या, आणि आठवडाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

त्याच पावसाळ्यात त्यांचा थोरला मुलगा ज्या मालवाहू जहाजावर होता, त्या जहाजाला आखातात तेव्हा चाललेल्या लढाईत आग लागली. बातमी एवढीच आली. पुढचे चार महिने पत्र नाही, निरोप नाही. आंटी रोज मेणबत्ती लावत. अंकल स्टुडिओत जात आणि परत येत. माझं पेन कुठल्या खिशात आहे, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

आणि डिसेंबरातल्या एका रविवारी, भर दुपारी, पोरगा फाटकात उभा.

संध्याकाळपर्यंत आळी गोळा झाली. आंटींनी सांगितलं, बोंबील साफ करता करता पहिल्यांदा त्यांनीच त्याला पाहिलं. मुलगी म्हणाली, छे, फाटक मी उघडलं. मी शपथेवर सांगतो की पहिली हाक माझी, जिन्यावरून. पोरगा म्हणाला, आधी शेजारचा कुत्रा आला. बरोबर खलाशी एक होता की दोन, हातात पेटी होती की पिशवी, कशावरच एकमत होईना. तेव्हा सगळ्यांनी अंकलकडे बघितलं. ते मुलाचा हात धरून बाकावर बसले होते.

"मला नाही ठाऊक," ते म्हणाले. "शर्ट कसला होता तेही नाही बघितलं. मी त्याचं तोंडच बघत होतो रे."

पुढच्या ईस्टरला नाटुकलं झालं. जिला यायचं तिला त्यांनी घेतलं, त्यामुळे थडग्यापाशी अकरा बायका आणि पाच देवदूत जमले. एका देवदूताच्या पायात स्लिपर होती. अंकल पहिल्या रांगेत बसून रडत हसत होते.

मी पुढे बोरिवलीला गेलो. आता अंकल नाहीत. वर्षातून एकदा आंटींकडे जातो. त्या चहा टाकतात आणि आमचा वाद सुरू होतो: अंकलच्या चष्म्याची काडी काळी होती की तपकिरी? त्या काळी म्हणतात, मी तपकिरी म्हणतो. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, मान वर करून बघितलं तर लगेच कळेल. आम्ही दोघंही बघत नाही.