शेजारच्या कांताबाई

नायगावच्या बी.डी.डी. चाळीत रामदास बुधाजी गमरे याला अजून विमानवाला रामदास म्हणून ओळखतात. चाळीतली बाकीची पोरं गिरणीत लागली, गोदीत लागली, फार तर पोस्टात चिकटली. हा एकटा बंगळूरला जाऊन लढाऊ विमानांचे आराखडे काढायला लागला. पण त्याचं पहिलं विमान बंगळूरला जन्मलं नाही. ते चाळीच्या पॅसेजमध्ये, दोन्ही बाजूंच्या खोल्यांच्या मधल्या फरशीवर, खडूनं काढलं गेलं होतं.

सातवीतला रामदास विमानं काढायचा ती आडव्या माणसाएवढी. वळणाची रेघ ओढायला आकाशकंदिलाच्या उरलेल्या बांबूची लांब चीप तो वाकवायचा. चीप मोठी हट्टी. हात सोडला की सरळ! मग हाक जायची, "बाय, धर ना गं!"

बाय म्हणजे थोरली बहीण कांता. बाप खोकून खोकून गेला तेव्हापासून ती गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला. आठ तास उभी राहून आलेली बाई फतकल मारून पॅसेजमध्ये बसायची. चिपेच्या एका टोकावर वरवंटा, मधे पाण्याचा तांब्या, पुढे इस्त्री, आणि शेवटच्या टोकावर स्वतःचा पाय. मग खडूच्या रेघेवरून बोट फिरवायची.

"इथं कुबड आलंय रे तुझ्या विमानाला."

"कुठं? मला नाय दिसत."

"दिसायचं कशाला? बोटाला लागतंय की. सुतातली गाठ काय डोळ्यांनी बघते होय मी?"

आणि खरंच तिथे कुबड असायचं. रामदास पुसायचा, पुन्हा काढायचा. शेजारची सुभद्रा घागर घेऊन त्या विमानाच्या पंखावरून मुद्दाम पाय देत जायची. "कांते, लग्नाचं बघ गं. विमान काय तुला नवरा आणून देणारेय?" कांता हसायची. स्थळं आली तशी परत गेली. रामदासचं माटुंग्याचं कॉलेज मात्र पुरं झालं.

पंचावन्नच्या अखेरीस बंगळूरच्या कारखान्याची मुलाखत झाली. निवड झाल्याचं पत्र आलं. राहिली ती फक्त पोलीस चौकशी, कारण काम संरक्षण खात्याचं.

आणि छप्पनच्या जानेवारीत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला देणार नाही म्हणताच गिरण्यांचे भोंगे वाजले तरी आत कुणी जाईना. लालबागपासून नायगावपर्यंत दगड, लाठ्या, अश्रुधूर, आणि मग गोळ्या. वाइंडिंगच्या बायका मोर्चानं निघाल्या त्यात कांता पुढे होती. पकडली गेली. अठरा दिवस आत.

ती आत असतानाच चौकशीचा फॉर्म आला. भाऊबहिणींची नावं लिहा. कुटुंबात कुणाला अटक झाली असल्यास लिहा. त्याच आठवड्यात लालबागच्या एका मित्राची सरकारी नोकरी अडकली होती, का तर चुलता सत्याग्रहात. रामदास फॉर्म पुढ्यात घेऊन तासभर बसला. मग त्यानं दोन्ही रकान्यांत एकच इंग्रजी शब्द लिहिला. 'नन.' कुणी नाही.

आईला, राधाबाईला, त्यानं सांगितलं नाही. कांता सुटून आली तेव्हा तिलाही नाही. तिच्या कपाळावर लाठीची खोक होती. ती म्हणाली, "झालं का रे तुझं विमानाचं?" तो म्हणाला, "होतंय."

पुढच्या सोमवारी दुपारी हवालदार आले. दगडू चाळके त्यांचं नाव. राहायला पलीकडच्याच पोलीस चाळीत, पण आज टोपीसकट, काखेत फाईल. दार उघडंच होतं. राधाबाई ताप येऊन पडलेली, कांता चुलीपुढे भाकऱ्या थापत बसलेली, रामदास खाटेवर.

"रामदास बुधाजी तुम्हीच?"

"हो, हो. या ना."

हवालदारांनी फाईल उघडली, इकडेतिकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "या कोण?"

एवढाच प्रश्न. त्याला तीन अक्षरांचं उत्तर होतं. रामदासच्या तोंडून निघालं, "शेजारच्या आहेत. कांताबाई."

तव्यावर भाकरी फुगली होती. कांतानं वळून पाहिलं ते भावाकडे नाही, त्या फाईलकडे. क्षणभरच. मग पदर कपाळावर ओढला, खोक झाकली, आणि गिरणीतल्या बायका मुकादमाशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, "म्हातारीला बरं नाय ना, म्हनून भाकऱ्या टाकायला आले. चला राधाकाकी, येते मी. उरलेल्या भाकऱ्या पोराला भाजून घ्यायला सांगा."

पिठाच्या हातांनी ती उठली आणि पलीकडे सुभद्राच्या खोलीत गेली. स्वतःच्या आईला काकी म्हणून.

हवालदार पाऊण तास बसले. शाळा विचारली, गाव विचारलं, पाणी प्याले. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, पण उठून ती काढायचं रामदासला सुचलं नाही. सुभद्राच्या खोलीत कांता भिंतीला टेकून बसली होती, दिवसभराची उपाशी.

हवालदार गेल्यावर राधाबाई तापातच उठून बसली. "रामा, ती तुझी शेजारीण," ती म्हणाली. "मग माझी कोण रे?"

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. चाळ कमिटीचे सेक्रेटरी सीताराम मास्तर स्वतः दारोदार फिरले. "हे बघा, पोलीस परत विचारायला येतील. कांता ही सुभद्राची नणंद. पक्कं? आपल्या चाळीचा पोरगा विमानात जातोय, आपण अडवायचा नाही." लोकांना नाटकात काम मिळाल्यासारखं झालं. सुभद्राचा नवरा मिशीला पीळ देत म्हणाला, "मला बहीण नव्हतीच. बरं झालं." सगळे हसले. कांताही हसली. रामदासला मात्र कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नोकरी मिळाली. निघताना त्याला स्टेशनवर पोचवायला आई गेली, मास्तर गेले, चाळीतली पंधरा माणसं गेली. कांता गेली नाही. "कुणी बघितलं म्हंजे?" म्हणाली. त्याची भाकरी तिनं फडक्यात बांधून दिली होती.

बंगळूरला तो वर चढत गेला, हे खरं. तिथल्या एका लांबरुंद हॉलमध्ये जमिनीवर विमान पूर्ण मापात काढत. लांब लाकडी पट्टी वाकवायची, तिच्यावर शिशाची वजनं ठेवायची आणि रेघ ओढायची. पंख जिथे धडाला मिळतो तिथली वळणं कुणाला धड जमेनात. रामदासनं बूट काढले, रेघेवर उकिडवा बसला आणि बोट फिरवलं. "सर, इथे कुबड आहे." मोजलं तर होतं. त्याचा वरिष्ठ सेनगुप्ता नावाचा बंगाली. तो खूश होऊन म्हणाला, "गमरे, हे तुला कोणी शिकवलं?"

"आमच्या शेजारच्या एक बाई होत्या, सर."

खोटं इतकं गुळगुळीत निघालं की त्यात त्याच्या बोटालाही कुठे गाठ लागली नाही. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दर वर्षी फॉर्म यायचा, दर वर्षी तो 'नन' लिहायचा. चार वर्षांत तो साध्या ड्राफ्ट्समनचा डिझायनर झाला, हाताखाली सहा माणसं आली. पत्रं घरी जायची ती आईच्या नावानं, कारण पत्रं कोण उघडतं कुणाला ठाऊक. शेवटची ओळ ठरलेली असे, 'शेजारच्या मंडळींना नमस्कार.' आईला वाचता येत नव्हतं. पत्र कांताच वाचून दाखवायची. त्या ओळीपाशी आली की म्हणायची, "हा माझा," आणि पत्राची घडी करायची.

एकोणीसशे साठच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. चाळीनं पताका लावल्या आणि सत्याग्रहींचा सत्कार ठरवला. पाहुणा कोण? मास्तर म्हणाले, आपला रामदास रजेवर आलाय, आणखी कोण पाहिजे! रामदासनं नाही म्हणून पाहिलं. "लाजू नको रे," मास्तर पाठीवर थाप मारून म्हणाले. लाज कसली, हे त्यांच्या गावी नव्हतं.

चाळींच्या मधल्या पटांगणात बाकडी जोडून स्टेज केलं होतं. पुढच्या रांगेत राधाबाई, कडेला पोलीस चाळीतली माणसं. मास्तर एकेक नाव पुकारत होते, रामदास एकेकाच्या खांद्यावर शाल घालत होता. सातवं नाव आलं.

"आमच्या सुभद्राबाईंच्या नणंद, कांताबाई!"

चार वर्षं झाली तरी चाळ विसरली नव्हती. मास्तरांनी रामदासकडे पाहून डोळा बारीक केला. काळजी करू नको, सांभाळतोय आम्ही. टाळ्या पडल्या. कांता पायऱ्या चढून आली, पांढरं धुवट पातळ, कपाळावर ती जुनी खोक आता पांढरी रेघ झालेली. रामदासनं शाल उचलली. शब्द ओठांपर्यंत आला होता. एवढंच म्हणायचं होतं की ही माझी बाय आहे. समोर लाऊडस्पीकर होता, अडीचशे माणसं होती, कडेला खाकी कपडे होते.

"थांबलास का रे?" कांता ओठ न हलवता पुटपुटली. "लोक बघतायत. घाल लवकर."

त्यानं घातली. कांतानं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आभारी आहे, साहेब."

पुढच्या रांगेत राधाबाईनं मान खाली घातली.

कार्यक्रम उरकल्यावर चहाचा कप घेऊन एक म्हातारा रामदासजवळ आला. टोपी नव्हती म्हणून ओळखायला वेळ लागला. दगडू चाळके, आता रिटायर.

"शाल बरी घातलीत बहिणीला," ते म्हणाले.

रामदासचा चहा बशीत सांडला. "बहीण… म्हणजे तुम्हाला…"

"अहो, त्याच दिवशी. नाक सारखं, हनुवटी सारखी. आणि शेजारीण दुसऱ्याच्या चुलीपुढे अशी मांडी ठोकून बसते होय? शिवाय ती मोर्च्यात होती तेव्हा मीपण होतो. काठी घेऊन. ती खोक माझ्या काठीची नसेल, पण असेलही. कोण मोजतंय तेव्हा?" म्हाताऱ्यानं चहाचा घोट घेतला. "मी ठरवूनच आलो होतो. या घरावर वाकडं काय लिहायचं नाही. मी पाऊण तास का बसलो वाटतं तुम्हाला? वाट बघत होतो."

"कशाची?"

"तुम्ही म्हणाल म्हणून. तुम्ही बहीण म्हणाला असतात तरी मी चांगलंच लिहिणार होतो. फॉर्मवर तुमच्याकडून नाव घालून घेतलं असतं, बास." त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. "पोरीची भाकरी करपली हो त्या दिवशी. वास अजून नाकात आहे माझ्या."

रामदास घरी आला तेव्हा उन्हं पॅसेजच्या टोकाशी आली होती. कांता तांदूळ निवडत दारात बसली होती, शाल खुंटीवर. त्यानं बॅगेतून एक कागद काढला. पुढच्या महिन्यात कारखान्यात कुटुंबीयांना विमान दाखवायचा दिवस होता; त्याचा पास. त्यानं तो फक्त आईसाठी आणला होता. तो तिथेच फरशीवर बसला, जिथे कधीकाळी खडूचं विमान असे, आणि लिहू लागला.

"काय लिवतोस?"

"तुझं नाव."

तांदळातला हात थांबला. "नात्याच्या जागी शेजारीण लिव. मला सवय झालीय."

हवालदारांचं सगळं त्यानं सांगून टाकलं, एक शब्दही न गाळता. वाट बघत होते हेसुद्धा. कांता ऐकत राहिली. मग सूप बाजूला सारलं.

"आणि आधी नाय लिवलं ते? तिकडं विचारतील ना? नोकरी?"

"विचारतील. जाईल तर जाईल."

"चाळीला खोटं पाडशील?"

"चाळ माझ्यासाठी बोलली. खोटा मीच."

कांता त्या इंग्रजी अक्षरांकडे बघत राहिली. तिला ती वाचता येत नव्हती. "वाच काय लिवलंस ते."

"कांता बुधाजी गमरे," रामदास पुटपुटला. "नातं, बहीण."

"असं नाय. साहेब म्हनले ना मी? लाऊडस्पीकरवर म्हनले. मोठ्यानं वाच."

पॅसेजमधली सगळी दारं उघडी होती. कुणी नळावरून येत होतं, कुणी स्टोव्हला पंप मारत होतं. रामदासनं कागद दोन्ही हातांत धरला.

"कांता बुधाजी गमरे! नातं, थोरली सख्खी बहीण!"

स्टोव्हचा पंप थांबला. सुभद्रा लाटणं घेऊन दारात आली, दोघांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! म्हंजे माझी नणंद गेली म्हणायची!"

पॅसेजभर हशा उसळला. कांताही पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा सूप ओढून घेतलं. रामदासला मात्र मान वर करता आली नाही. त्यानं कागद फरशीवर ठेवला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कांतानं, तांदूळ निवडता निवडता, त्याच्या टोकावर पाय ठेवला.